सिंधुअक्का गाव विचारते

माझ्या थोरल्या जावेला, सिंधुअक्काला, नवं माणूस भेटलं की ती आधी त्याचं गाव विचारते. नाव नंतर. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामाकुळ, आणि चहा येईपर्यंत त्या माणसाची चुलत आत्या अहमदपूरला कुणाच्या घरी दिलीय आणि तिचा मुलगा अजून बिनलग्नाचा का राहिलाय, इथपर्यंत अक्का पोचलेली असते. लातुरात आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं तिनंच जुळवलीत. त्या लग्नांत आहेर म्हणून आलेल्या साड्या ठेवायला तिच्या कपाटात जागा उरलेली नाही, म्हणून त्या माझ्या कपाटात असतात.

मी वर्षाराणी, तिची धाकटी जाऊ. दुष्काळाच्या साली जन्मले म्हणून आईवडलांनी मोठ्या आशेनं हे नाव ठेवलं. पाऊस आला नाही, मी मात्र आले. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं दुसऱ्याच्या चुका काढायची मला सवय आहे, आणि त्या सवयीला अक्काएवढं काम दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

सोयरीक जुळवायची अक्काची पद्धत ठरलेली. पाहुण्यांच्या घरी गेलं की आधी पोटभर जेवायचं. येसर आमटीत मसाला कच्चा लागला तर सासू घाईची. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी न मागता आली तर घर मोकळ्या हाताचं. दुसऱ्यांदा वाढायला कोण उठतं, त्यावरून घरात कुणाचं चालतं ते कळतं. मला हे सगळं थोतांड वाटायचं, पण तिनं जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही, म्हणून मी गप्प. जेवण झालं, सुपारी आली, की अक्का शेवटचा प्रश्न टाकायची, "घराण्यात काही हाय का?"

या 'काही'मध्ये अंगावरचे पांढरे डाग, फिट येणं, डोक्याचा त्रास, सगळं येतं. आणि हाच प्रश्न तिच्या बाजूच्या माणसांबद्दल कुणी विचारला तर अक्काचं उत्तर एकच. "निर्मळ घराणं." मी एकदा तिला म्हटलं, अहो, असं सरसकट कसं सांगता? तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वर्षा. उघडायला काय, लग्नानंतर जन्म पडलाय."

आता शंभर घरी पोटभर जेवणाऱ्या बाईचं वजन वाढणारच. चाळिशीत ती अंगानं भरली, पन्नाशीत तिला जिना चढवेना. साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. विरूपाक्षभाऊजी, म्हणजे तिचे मालक, डाळीच्या आडतीत दिवसभर ओरडून घरी येतात आणि घरात एक शब्द बोलत नाहीत. तेसुद्धा एक दिवस म्हणाले, "सिंधू, मला तुझ्या आधी जायचंय. ऑपरेशन करून घे." पोट लहान करायचं ऑपरेशन. लातुरात होत असूनही अक्कानं नांदेडचा दवाखाना निवडला, कारण लातुरात तिला सगळे ओळखतात आणि हे ऑपरेशन तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. गल्लीत सांगितलं, गुडघ्याचं हाय.

लपवायचं कारण होतं ऋतुजा, तिची मुलगी. तिच्यासाठी चाकूरच्या गुरुपादप्पांचा अंबरीश बघितला होता. पोरगा बँकेत, माणसं बरी, आणि दोघांचं फोनवर बोलणं आमच्या परवानगीच्या बरंच आधी सुरू झालं होतं. अक्काचा जीव त्या सोयरिकीत अडकला होता. जगाच्या पोरी उजवल्या, आता स्वतःच्या पोरीचं बिनबोभाट व्हावं एवढंच तिचं मागणं. पण लातूरहून नांदेडला जाताना वाटेत चाकूर लागतं. गाडी चाकुरात शिरली की अक्का पदर तोंडावर ओढून खाली वाकायची. त्या देहानं वाकून लपणं म्हणजे म्हशीनं पाटीखाली बसण्यासारखं होतं. मी हसले तर मला चिमटा.

ऑपरेशनच्या आधी मनाची तपासणी असते, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. उर्वी मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या. गोड बोलणाऱ्या. त्यांनी काही विचारायच्या आत अक्कानं विचारलं, "गाव कुठलं म्हणं तुमचं?"

"मी नांदेडचीच. आजोळ चाकूर," त्या म्हणाल्या.

अक्काचा चेहरा मी पाहिला. दोन मिनिटांत तिनं उर्वी मॅडमचे आजोबा, मामा, मामाचं दुकान आणि ते दुकान गुरुपादप्पांच्या घरापासून किती दूर आहे, एवढं काढून घेतलं. फार दूर नव्हतं. मग मॅडमनी त्यांचा प्रश्न विचारला. "तुमच्या घरात, म्हणजे आईवडील, काका, आत्या, कुणाला उदासीचा आजार होता का? खूप दिवस गप्प बसणं, जेवण सोडणं, कशातच मन न लागणं, असं?"

"निर्मळ घराणं," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, "अक्का, गुणाआत्या..."

"गुणाआत्या लई भजनी बाई," अक्का मॅडमकडं बघत म्हणाली, "शांत सभाव." आणि टेबलाखाली तिनं आपला पाय माझ्या पायावर ठेवला. ऑपरेशनच्या आधीचा पाय. पुढचं मी काहीच बोलू शकले नाही.

गुणाआत्या म्हणजे अक्काच्या वडलांची बहीण, औशाला राहते. तरुणपणापासून तिला दर चार-दोन वर्षांनी काहीतरी व्हायचं. भिंतीकडं तोंड करून ती निजून राहायची, महिनोन्महिने. बोलायची नाही, दोन घास खायची नाही. घरात म्हणायचे, आत्या भिंतीला लागली. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी लातूरच्या एका डॉक्टरनं ओळखलं, गोळी दिली, आणि तेव्हापासून ती बाई अशी काही सुधारली की आता सगळ्या गल्लीचे पापड लाटून वर चार शिव्याही देते. पण कार्य असलं की तिला आतल्या खोलीत बसवतात. अक्काच्या वडलांचं तेच होतं. ते बांधावर जाऊन बसायचे, हंगाम निघून जायचा. त्यांच्या वेळी गोळी मिळाली नाही. ते लवकर गेले.

परतीच्या वाटेवर मी अक्काशी जोरदार भांडले. "ती डॉक्टरांची माणसं आहेत, सोयरिकीला आलेली नाहीत!" अक्का म्हणाली, "ऋतुजाचं होऊ दे. मग सांगू सगळं." तेवढ्यात चाकूर आलं आणि तिनं पदर ओढला.

ऑपरेशन झालं आणि पहिले तीन महिने आमच्या घरात सण होता. अक्का वाटी-वाटीनं जेवायची, चमच्यानं पाणी प्यायची, आणि काट्यावर वजन उतरत होतं. साखर उतरली. एके सकाळी ती गंजगोलाईच्या बाजारातून पायी भाजी घेऊन आली आणि पिशवी टेबलावर ठेवून अशी उभी राहिली की जणू किल्ला जिंकलाय. भाऊजी चक्क हसले. माझ्या कपाटातल्या साड्या परत गेल्या, ब्लाऊज उसवून आत घेतले. मला वाटलं, चला, सुटलो.

मग जळकोटची गोष्ट झाली. तिथं एका मुलीच्या बोलणीला अक्का मध्यस्थ म्हणून गेली, बरोबर मी. यजमानांनी पंगत मांडली. अक्कानं चार घास खाल्ले आणि हात आवरला. घ्या की, घ्या की झालं, तिनं मान हलवली. पोट लहान केलंय हे सांगायची सोय नव्हती. मुलाकडच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. अक्का जेवली न्हाई! सिंधुअक्काला या घरात काहीतरी खटकलंय! सुपारी येईपर्यंत मुलाचा बाप उठून चपला शोधायला लागला होता. चांगली जुळत आलेली सोयरीक मोडता मोडता वाचली, तीही मी देवाशप्पथ सांगितलं म्हणून की अक्काला अपचन झालंय.

घरी आल्यावर मी हसून हसून बेजार. अक्का हसली नाही. म्हणाली, "आता मला घर कळत न्हाई वर्षा. खाल्ल्याबिगर कसं कळंल?" आणि त्यानंतर तिनं बोलणीला जाणं बंद केलं.

हळूहळू फोन वाजून वाजून बंद व्हायला लागला. दुपारी झोपायची, ती संध्याकाळीही झोपलेलीच. भाऊजींनी नारळपाणी आणलं, शेजारणीनं नजर काढली, सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन काय लहान असतं का. मीही अशक्तपणाच समजत होते. मग आमच्या वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. सामान ठेवून चावी घ्यायला खाली आला, अक्काच्या समोर उभा राहिला, नमस्कार केला. अक्कानं चावी दिली आणि मान वळवली.

गाव विचारलं नाही.

मी दारात उभी होते. खरं सांगते, तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेताना मला एवढी भीती वाटली नव्हती. आत जाऊन पाहिलं तर ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. त्याच संध्याकाळी चाकूरहून निरोप आला, की पुढच्या महिन्यात बोलणीला येतो. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीच बघा." ज्या सोयरिकीसाठी तिनं सगळं झाकलं, ती दारात आली तरी तिला काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारली आणि औशाची बस धरली. गुणाआत्या पापड लाटत होती. मी सगळं सांगितलं. तिनं लाटणं ठेवलं, हात धुतले, पातळ बदललं आणि म्हणाली, "चल." वाटेत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. मला वाटलं, रागावलीय. कुणी रागावलंच असतं.

अक्काच्या खोलीत जाऊन ती खाली बसली, भिंत आणि अक्का यांच्यामधल्या वीतभर जागेत. म्हणजे अक्काला भिंतीऐवजी आत्याचंच तोंड बघावं लागलं.

"सिंधे," आत्या म्हणाली, "हे मपलं हाय, माझंच दुखणं. मला वळकू येतंय."

अक्कानं डोळे मिटून घेतले.

"नाक मपलं आलं तुला. आवाज मपला आला. खाण तशी माती, दुसरं काय? माझ्याकडं तुला द्यायला डाग-दागिना न्हवता, म्हणून हे दिलं बघ." आणि स्वतःच फिसकन हसली. "वापस घेता येत न्हाई. पण ह्याला गोळी हाय. तुझ्या बापाला मिळाली न्हाई, मला मिळाली. तुला का मिळू नये?"

अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कितीतरी दिवसांत तिला रडूसुद्धा आलं नव्हतं. मग ती कशीबशी म्हणाली, "चाकूरला कळंल ना आत्या."

"चाकूर घाल चुलीत."

नांदेडला आम्ही तिघी गेलो. चाकूर आलं तशी अक्का पदराकडं हात न्यायला लागली, तर आत्यानं गाडीच थांबवायला लावली. "मला च्या पाह्यजे. अन् हितलाच पाह्यजे." भर रस्त्यावरच्या टपरीवर तिनं बशीत ओतून सावकाश दोन कप चहा घेतला. अक्का गाडीत अंग चोरून बसली होती. कुणी ओळखलं नाही. ओळखणार कसं? निम्मी अक्का तर उरली नव्हती.

उर्वी मॅडमसमोर अक्का पदराच्या टोकाला गाठी मारत बसली. आत्याच म्हणाली, "लिव्हा. मी गुणाबाई, हिची आत्या. मला उदासीचा आजार हाय, भावाला व्हता. मी भजनी बिजनी काय न्हाई. मला टाळ धरता येत न्हाई." मॅडमना हसू आवरलं नाही, आणि मग त्यांनी अक्काचा हात हातात घेतला.

त्यांनी जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. ऑपरेशननं पोट लहान होतं, मनाचा पिंड तोच राहतो. पुष्कळ लोकांना नंतर उभारी येते, काहींना मात्र उदासी गाठते. ते असं एकाच कारणानं होत नाही. थोडं रक्तातून येतं, तेही एक काही नाही, बारीक बारीक पुष्कळ मिळून. थोडं आयुष्यातून येतं. अक्काचं सगळं जग जेवणावर उभं होतं, माणसं ती ताटावर बसून ओळखायची, ते ताटच अचानक गेलं. "घरात असलं म्हणजे तुम्हाला होणारच असं नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "पण ढग दिसले की आपण गच्चीवरचं वाळवण उचलून ठेवतो ना? आधी कळलं असतं तर आम्ही पहिल्या महिन्यापासून तुमच्यावर लक्ष ठेवलं असतं." डॉक्टरांनी रक्त तपासलं, जीवनसत्त्वं कमी होती ती सुरू केली, आणि उदासीची गोळी बघून-सवरून दिली, कारण पोट लहान झाल्यावर गोळीही अंगाला पहिल्यासारखी लागतेच असं नाही. दर पंधरवड्याला बोलायला यायचं ठरलं.

निघताना अक्कानं विचारलंच. "मॅडम, तुमचं आजोळ..."

"मी इथलं आईलासुद्धा सांगत नाही," उर्वी मॅडम म्हणाल्या. "सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

गोळी काही जादू नसते. पहिले दोन आठवडे काहीच दिसलं नाही, मी रोज चिडत होते. मग एके दिवशी अक्कानं भाजीला मीठ कमी आहे म्हणून मला टोचलं. मग केस विंचरायला लागली. पण अजून ती आमच्यापासून कुठंतरी लांब होती. वरचा भाडेकरू रोज येता-जाता नमस्कार करायचा आणि त्याचं गाव कुणालाच माहीत नव्हतं.

ठरल्या दिवशी चाकूरचे पाहुणे आले. गुरुपादप्पा, त्यांच्या मंडळी, अंबरीश, आणि गाडी हाकणारा एक तिशीतला माणूस. बैठकीत सतरंजी, तक्के, फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला, चहा. गुणाआत्या आली होती, आणि सवयीप्रमाणं आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसली होती. सगळं गोड चाललं होतं. देणं-घेणं नाही, लग्न साधं, सगळं ठरत आलं. मग गुरुपादप्पांनी सुपारी फोडली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाकी घराण्यात काही हाय का?"

हा प्रश्न अक्कानं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. तिचं उत्तर तिच्या जिभेवर तयार असणार हे मला माहीत होतं. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊजी सतरंजीकडं बघत होते. अक्का उठली, आतल्या खोलीत गेली आणि गुणाआत्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. तक्क्याला टेकवून बैठकीत बसवलं. आपण शेजारी बसली.

"हाय," अक्का म्हणाली. "ही मपली आत्या. हिला उदासीचा आजार हाय, गोळीनं बरी हाय. माझ्या वडलाला व्हता, त्यांचं कुणी केलं न्हाई. मला आत्ता झालाय, दवा चालू हाय. अन् मी गुडघ्याचं न्हाई, वजन उतरवायचं ऑपरेशन केलंय, ते बी सांगून ठिवते. ऋतुजाला पुढं व्हईल का न्हाई ते कुणालाच म्हाईत न्हाई. पण झालंच तर तिला भिंतीकडं तोंड करून निजू द्यायचं न्हाई, एवढं आमाला आता कळलंय. तुमाला बी कळलं पाह्यजे, म्हणून सांगितलं."

मी शिक्षिका आहे, तीस वर्षं मुलांना भाषण शिकवते. असं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

गुरुपादप्पा कपात बघत बसले. मग त्यांच्या मंडळी, ज्या आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, हळूच गुणाआत्याकडं सरकल्या आणि म्हणाल्या, "ती गोळी सकाळी घ्यायची असती का रातच्याला?"

"माझी रातच्याला हाय," आत्या म्हणाली. "तुमची डॉक्टर सांगंल."

गुरुपादप्पांनी बायकोकडं पाहिलं, असं की जणू बऱ्याच वर्षांनी पाहत होते. मग उठले, आत्याला वाकून नमस्कार केला, म्हणाले, "आम्ही कळवतो." चाकूरचा होकार पुढच्या आठवड्यात आला, आणि होकाराबरोबर नांदेडच्या दवाखान्याचा पत्ताही त्यांनी मागून घेतला. पण मला हवं होतं ते त्याच दुपारी अंगणात मिळून गेलं होतं.

पाहुणे चपला घालत होते. मी आत कपबशा गोळा करत होते. बाहेर गाडीवाला दार उघडून उभा होता. अक्का उंबऱ्याशी उभी राहून त्याच्याकडं बघत होती, वरपासून खालपर्यंत, डोळे बारीक करून.

"का हो दादा," अक्का म्हणाली, "तुमचं गाव कुठलं?"

"निलंगा, अक्का."

"निलंग्यात कुणाचे? ... अस्सं. मंग तुमचं मामाकुळ वलांडीचं का काय? ... बगा, वाटलंच मला. लगीन झालंय का?"

"न्हाई अजून."

"काऊन न्हाई?"

गाडीत बसलेल्या गुरुपादप्पांनी दोनदा हाक मारली, तरी गाडीवाला हलेना, आणि अक्का त्याला हलू देईना. मी कपबशा तशाच खाली ठेवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. गुणाआत्या मागून आली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता तुला काय झालं? तू तर आमच्या रक्ताची बी न्हाईस." मग तिनंच चहाचं आधण ठेवलं, आणि आम्ही दोघी खिडकीतून अंगणात बघत उभ्या राहिलो.